‘प्रवेश निःशुल्क’ आणि पाच हजारांची खरेदी

प्रश्न असा: राजारामपुरीतल्या एका दुकानाच्या फलकावर ‘भव्य सोडत, प्रवेश निःशुल्क’ आणि खाली बारीक अक्षरात ‘५,००० रुपयांच्या खरेदीवर एक कूपन’ असं लिहिलंय. इथे ‘निःशुल्क’ बरोबर की ‘मोफत’?

दोन्ही चूक. ‘खरेदीवर कूपन’ एवढंच लिहावं. दसरा-दिवाळीला गावभर हे ‘निःशुल्क’ लागतं, तेही बहुतेकदा विसर्ग गाळून, आणि दरवर्षी डोकं उठतं.

‘मोफत’ फारसीतून आला म्हणून तो टाका, ‘निःशुल्क’ घ्या, असं शुद्धिवादी सांगतात. त्यांनी शब्दाचं कूळ पाहिलं, अर्थ पाहिला नाही. वस्तू मोफत असते, प्रवेश निःशुल्क असतो. शुल्क हे मुळात नाक्यावरचं देणं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात शुल्कशाला कुठे उभारायची ते सांगितलंय: ‘महाद्वाराभ्याशे’, म्हणजे महाद्वाराजवळ! तिथे चार-पाच वसुलीदार बसून व्यापारी कोण, कुठला, माल किती, हे लिहून घेत. टोलविरोधी आंदोलन केलेल्या कोल्हापूरकरांना शुल्क म्हणजे काय हे आणखी समजावायला नको. कुणी ‘कन्याशुल्क’, म्हणजे लग्नात मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, पुढे करील. माझ्या मते तेही एका घराचा उंबरा ओलांडून दुसऱ्या घरात जाण्यावरचंच देणं. कोशांनी तिथे नुसतं ‘किंमत’ लिहून विषय संपवलाय, ते मला पटत नाही.

दुकानदार म्हणेल, कूपनाचे वेगळे पैसे कुठे घेतो? पण पाच हजार मोजल्याशिवाय दार उघडत नसेल, तर तेच शुल्क.

कायद्याचंही ऐका. ‘खरेदीची सक्ती नाही, टपालानेही नाव पाठवा’ ही पळवाट अमेरिकेतल्या लॉटरी कायद्यांसाठीची. आपल्याकडे १९९८ च्या लॉटरी कायद्याच्या व्याख्येत तिकीट खरेदी आहे, म्हणून फुकट कूपन दिलं की सुटलो, असं सांगणारे सल्लागार अर्धंच सांगतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) प्रमाणे विक्री वाढवण्यासाठी स्पर्धा, लॉटरी किंवा नशिबाचा खेळ घेणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे; नियमांनी वगळलेले प्रकार तेवढे सोडून. तिथे प्रवेश फुकट होता की नाही, हा प्रश्नच नाही. किमतीत धरलेली वस्तू फुकट असल्याचा भास निर्माण करणं आणि योजना संपल्यावर निकाल दडवणं, हेही त्यातच. योजना ज्या वर्तमानपत्रात जाहीर केली, त्यातच निकाल वाजवी मुदतीत ठळकपणे छापला, तर तो कळवला असं धरतात.

शिवाय १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापला जातो. बक्षीस वस्तूरूपात असेल तर कर भरल्याची खात्री करूनच ताबा द्यायचा असतो. ८०,००० च्या दुचाकीवर हे २४,००० होतात आणि ते बहुधा विजेत्याकडूनच मागतात. ‘मोफत दुचाकी’ लिहायचं असेल तर ही रक्कम कोण भरणार ते शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवं.