कोणत्या पट्टीत (स्केलमध्ये) कोणते कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) वाजतात, हे पाठ न करता कसं ओळखायचं?

पाठांतराची गरजच नाही. बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर घ्या आणि प्रत्येक स्वरापासून एकाआड एक असे तीन स्वर एकत्र दाबा. सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नि, असं नीपर्यंत. मेजर स्केलचे सात कॉर्ड हेच.

आता कोणता मेजर, कोणता मायनर? पेटीवर बोटांखालच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजा. सा ते ग चार पट्ट्यांचं अंतर, ग ते प तीन: मेजर. रे ते म तीन, म ते ध चार: मायनर. मोजत गेलात की सा, म, प मेजर निघतात. रे, ग, ध मायनर. नीवर मात्र तीन-तीन येतात, तो डिमिनिश्ड. हा क्रम प्रत्येक मेजर पट्टीत तोच राहतो, हे एकदा स्वतः मोजून पाहाच.

पांढरी एक, म्हणजे सी, सा धरली तर सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर, बी डिमिनिश्ड. जी धरला तर जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर, एफ शार्प (एफच्या लगेच पुढची काळी पट्टी) डिमिनिश्ड.

ए मायनर पट्टीचे कॉर्ड सी मेजरचेच, फक्त घर, म्हणजे गाणं जिथे येऊन विसावतं तो कॉर्ड, ए मायनर. तिथे ई मायनरऐवजी बहुतेकदा ई मेजर वाजवतात, कारण त्यातला जी शार्प हा स्वर ‘ए’कडे जोरात ओढतो. गाण्यात पट्टीबाहेरचा कॉर्ड सापडला तर घाबरू नका, ती चूक असेलच असं नाही.