वजनाचा आकडा चुकला की फॉर्ममधून बाहेरच पडता येत नाही, काय करू?

तुमच्या विंडोज फॉर्म्समध्ये (डॉटनेटमधले डेस्कटॉप फॉर्म) ‘व्हॅलिडेटिंग’ इव्हेंटला, म्हणजे खाना सोडतानाच्या तपासणीला, ‘ई.कॅन्सल = ट्रू’ दिलंय, म्हणून फोकस (कर्सर) त्या खान्यातून हलत नाही आणि ‘रद्द करा’ बटणापर्यंत पोचतच नाही. त्या बटणाचं ‘कॉजेसव्हॅलिडेशन’ फॉल्स करा, म्हणजे ते दाबताना तपासणी होणार नाही. त्याहून बरं म्हणजे फॉर्मचं ‘ऑटोव्हॅलिडेट’ ‘एनेबलअलाऊफोकसचेंज’ ठेवा (चूक असली तरी पुढच्या खान्यात जाता येतं), चूक ‘एररप्रोव्हायडर’ने खान्याशेजारी खूण करून दाखवा आणि सेव्ह करताना सगळे खाने तपासणारं ‘व्हॅलिडेटचिल्ड्रन’ बोलवा. निपाणीच्या वखारीत गाडी काट्यावर उभी असताना कारकुनाला आधी गाडी नंबर भरायचा असतो. त्याला वजनापाशी अडकवून ठेवू नये. खाना सोडतानाच्या ‘लीव्ह’ इव्हेंटमध्ये मेसेजबॉक्स किंवा ‘फोकस()’ तर नकोच, प्रोग्रॅम लटकू शकतो.

आपल्या बेळगाव भागात आणखी एक गोष्ट हमखास नडते. कीबोर्ड कन्नड किंवा मराठीवर राहिला की त्या लिपीतले आकडे उमटू शकतात. ‘चार.इजडिजिट’ त्यांनाही अंक मानतं, पण मजकुराची संख्या करणाऱ्या ‘डेसिमल.ट्रायपार्स’ला फक्त इंग्रजी आकडे कळतात. म्हणजे ‘कीप्रेस’ची (कळ दाबतानाची) तपासणी पास आणि सेव्ह करताना नकार! बिचाऱ्या कारकुनाला चूक दिसतच नाही, कारण आकडा बरोबरच असतो. ट्रायपार्सच्या आधी ‘चार.गेटन्यूमेरिकव्हॅल्यू’ने आकडे इंग्रजीत बदलून घ्या. पेस्ट केलेला मजकूरही तिथेच तपासला जाईल.