ताण तोडायचा कधी?

मी समुपदेशक आहे, आणि खेळाडू मुलींच्या आया माझ्याकडे पुन्हा पुन्हा एकच काळजी घेऊन येतात: "सराव वाढला आणि पाळी बंद झाली, पुढे हिला मूलबाळ होईल ना?" मुलींना मात्र कटकट गेल्याचे समाधान असते, आणि काही प्रशिक्षकही पाळी थांबणे हे कसून केलेल्या सरावाचे लक्षण मानतात. हा समज किती महागात पडू शकतो, हे मला माणदेशातून आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या धावपटूमुळे नीट मांडता आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

२०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर माण तालुक्यातलीच, त्यामुळे या मुलीचे स्वप्न घरच्यांनाही परके नव्हते. पाच महिने पाळी आलेली नव्हती आणि नडगी दुखत होती. गर्भधारणा, थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचा बिघाड, पीसीओडी (बीजांडकोशांचा विकार) यांपैकी काही कारण नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासले होते आणि आहार वाढवायला सांगितले होते. ती ऐकत नव्हती, म्हणून आई तिला माझ्याकडे घेऊन आली.

तिच्या सरावाच्या वहीत रोजचे किलोमीटर, प्रत्येक फेरीचे सेकंद आणि सकाळचे वजन सुवाच्य अक्षरात नोंदलेले होते. जेवणाबद्दल एक ओळही नव्हती. आदल्या दिवशीचे खाणे लिही म्हटल्यावर तिने लिहिले: पहाटे कोरा चहा, चौदा किलोमीटरनंतर एक भाकरी आणि पालेभाजी, रात्री वरण. शेंगदाण्याची चटणी वजनाच्या भीतीने बंद केली होती.

तिसऱ्या भेटीत ती थोडी चिडूनच म्हणाली, "मॅडम, ताण दिल्याशिवाय बहार येत नाही. आमचे पप्पा डाळिंबाचं पाणी तोडतात, पानं झडतात, मगच कळी धरते."

"मग पुढं काय करतात?"

"ताण तोडतात. खत घालतात, पाणी सोडतात."

"आणि तोडलाच नाही तर?"

ती बराच वेळ वहीचा कोपरा अंगठ्याने दुमडत राहिली. "बाग वाळंल," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "माझा ताण कुणी तोडलाच नाही."

त्या क्षणी मी काहीही बोलले नाही, आणि न बोलणे योग्य होते असे मला आजही वाटते. माणसाला लागणारे उत्तर बहुधा त्याच्याच अनुभवात असते आणि समुपदेशकाने फक्त पुढचा प्रश्न विचारायचा असतो, हा माझा जुना विश्वास त्या दुपारी अधिक पक्का झाला.

सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेइतके अन्न पोटात गेले नाही, की मेंदूतील हायपोथॅलॅमस बीजांडकोशांकडे जाणारे संदेश मंदावतो, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि पाळी थांबते. वजन सर्वसाधारण दिसणाऱ्या मुलीतही असे घडू शकते. पुरेसा आहार आणि विश्रांती मिळाल्यावर पाळी बहुतेक वेळा परत येते, त्यामुळे आईच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. मला अधिक चिंता हाडांची वाटते, कारण इस्ट्रोजेन कमी पडले की ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती विरळ होतात, नडगीला बारीक तडे जाऊ शकतात आणि झालेली झीज पूर्ण भरून येईलच असे नसते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या ऊर्जेच्या तुटवड्याची स्वतंत्र दखल घेतली, आणि तो पुरुष खेळाडूंनाही होतो हेही सांगितले.

म्हणून सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. नुसत्या गोळ्यांनी आणलेल्या रक्तस्रावावर समाधान मानू नये. त्याने मूळ तुटवडा झाकला जातो. पाळी नाही म्हणजे गर्भ राहणारच नाही, असेही विवाहित मुलींनी समजू नये.

तिने धावण्याआधी केळे, धावल्यावर लगेच दूध आणि गूळ-शेंगदाणे सुरू केले, आठवड्याचे अंतर काही काळ कमी केले आणि नडगीची तपासणी करून घेतली. प्रशिक्षकांना भेटायला मी स्वतः गेले. सातव्या महिन्यात तिचा फोन आला: "मॅडम, ताण तुटला." आता तिच्या वहीत सेकंदांच्या शेजारी जेवणाचा आणि पाळीच्या तारखेचा असे दोन रकाने आहेत, आणि प्रशिक्षकांनी इतर मुलींच्या वह्यांतही ते आखून घेतले आहेत.