कुळागराच्या कडेला मधमाश्या पाळायच्या आहेत. वसंतात काय काळजी घ्यावी, आणि घरचा मध स्वयंपाकात कसा वापरावा?

तुम्ही लिहिलंय की खाली कुळागर (सुपारी-नारळाची बाग), वर डोंगराच्या उतरणीला काजू आणि घरात लहान मुलं. आमचंही गोव्यातल्या सत्तरीत असंच आहे, आणि आम्ही सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी माश्याच पाळतो. पेट्या जरूर ठेवा, पण एक नको, दोन ठेवा. एकीतली राणी मेली तर दुसरीतली अंडी असलेल्या पोळ्याची चौकट देता येते आणि माश्या नवी राणी घडवतात.

पेटी कुळागराच्या आत ठेवू नका, तिथे कायम ओल. काजूच्या बाजूला, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा बघा. पेटी ज्यावर ठेवायची त्या घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, नाहीतर मुंग्या पेटी सोडत नाहीत.

आपल्याकडे काजू-आंब्याचा मोहोर ऐन भरात असला, मागोमाग जांभूळ फुललं की माश्या झपाट्याने वाढतात आणि पेटी अपुरी पडते. मग चौकटीच्या खालच्या कडेला राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं दिसू लागतात, भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली लोंबणारी. म्हणून या दिवसांत आठवड्यातून एकदा पेटी उघडून बघायचीच. अंडं घातल्यापासून आठ-नऊ दिवसांत राणीघराचं तोंड बंद होतं, आणि त्याच सुमारास जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन निघून जाते. राणीघरं दिसली तर जुनी राणी दोन-तीन चौकटींसह वेगळ्या रिकाम्या पेटीत हलवा आणि पहिल्या पेटीत एक-दोन चांगली राणीघरं राहू द्या. थवा जाण्याऐवजी घरचीच एक पेटी वाढते.

काजूवरच्या ढेकण्या किडीसाठी शेजारी औषध मारत असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायला सांगा आणि त्या रात्री पेटीचं दार जाळीने बंद ठेवा. हे बोलणं टाळू नका, यात अख्खी पेटी जाते.

मध काढायचा तो फक्त वरच्या मधकोठीतला. खालच्या शिशुकोठीतल्या, म्हणजे अंडी-पिल्लं वाढतात त्या कोठीतल्या मधाला हात लावायचा नाही. जूनपासून इथे असा पाऊस लागतो की माश्यांना बाहेर पडता येत नाही, फुलंही मिळत नाहीत. तो मध म्हणजे त्यांची पावसाळ्याची बेगमी आहे. मे महिन्यात सगळा ओरबाडून पुढे साखरेचं पाणी पाजत बसणं मला पटत नाही. साठा खरोखरच संपला तर पाक जरूर द्या, पण आधी त्यांचं त्यांना ठेवा.

मध पिकला की नाही हे बघायला चौकट आडवी धरून हलका झटका द्या. थेंब उडाले तर तो कच्चा. बहुतेक घरांवर मेणाची झाकणं चढली असतील तरच काढा. आपल्या दमट हवेत कच्चा मध हमखास आंबतो.

आता स्वयंपाक. मध चुलीवर उकळू नका, त्याचा वास तिथेच जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात नाचणीचं तिझन होतं. नाचणी भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची आणि नारळाच्या रसात मंद आचेवर ढवळत शिजवायची. गूळ नेहमीच्या निम्माच घालायचा. तिझन उतरवून कोमट झालं की मध घालायचा आणि वरून वेलची. काजूच्या दिवसांतला मध आणि नारळाचा रस यांची चव इतकी जुळते की मुलं वाटी चाटून पुसून खातात. तांदळाच्या घावनांवर मध आणि ओलं खोबरं घ्या, तेही छान लागतं. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या सरबतात साखरेऐवजी मध चालतो, पण लगेच प्यायचं असेल तरच. वर्षभरासाठी भिरंडांचं (कोकमाच्या फळांचं) सरबत मुरवताना मात्र साखरच वापरा. भिरंडांच्या रसाने मध पातळ होतो आणि फसफसतो.

बाटली कोरडी, चमचाही कोरडा. मध खाली साखरेसारखा गोठला तर तो भेसळीचा समजून टाकू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, बाळगुटीतूनही नाही. मधात कधीकधी बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत, पण इतक्या लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. घरचा, शुद्ध मध असला तरी हे लागू आहे. घरातल्या आजी-आजोबांनाही हे समजावून सांगा.