घाटात न्यूट्रल, ब्रेकचा वास आणि वाचकांचे इतर प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की पत्रं वाढतात, पण विचारणा त्याच त्याच असतात. शेजारी, पंपावरची पोरं आणि फोनवर फिरणारे व्हिडिओ यांनी सांगितलेलं ऐकून लोक गाडीवर प्रयोग करतात आणि मग लिहितात. माझं गॅरेज वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे एका प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे. बाकीच्या उत्तरांवरून बिघाडाचा अंदाज बांधता येईल, मात्र गाडी न बघता पक्कं निदान कुणीच करू शकत नाही, एवढं धरून चाला.

प्रश्न : सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक होतं, सेल्फ लागत नाही. धक्का मारला की गाडी सुरू होते. बॅटरी बदलू का? (बारामती)

उत्तर : आधी बोनेट उघडून टर्मिनल बघा. त्यावर पांढरी-हिरवट पावडर साचली असेल तर पहिल्यांदा काळी वायर सोडवा, मग लाल. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुन्या ब्रशने घासा, कोरडं पुसा. लावताना आधी लाल, मग काळी. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

मिटली नाही तर साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. चालू गाडीतही आकडा चढत नसेल तर दोष अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा डायनमो), त्याचा बेल्ट किंवा वायरिंगकडे आहे. तिथे नवी बॅटरी घातली तरी चार दिवसांत पुन्हा तीच रड. म्हणून बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या आणि त्याच वेळी चार्जिंगही तपासायला सांगा. बॅटरी विकणारा दुसरी गोष्ट आपणहून सांगेलच असं नाही. रोज धक्का मारून मात्र दिवस काढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जातं आणि तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग आहे.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन भरावा का? (नाशिक)

उत्तर : गरज नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. त्याऐवजी पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, प्रेशर तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलेला असतो.

प्रश्न : इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, जातो. (लातूर)

उत्तर : दिवा जातो, दोष जात नाही. उलट कॉम्प्युटरने नोंदवून ठेवलेला कोडही पुसला जातो आणि पुढच्या माणसाला अंधारात चाचपडावं लागतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का एवढं घरी बघा, मग स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये कोड वाचून घ्या आणि तो कागदावर लिहून मागा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर गॅरेजपर्यंत हळू जाता येतं. तो लुकलुकत असेल आणि गाडी गचके देत असेल तर थांबा. ऑइलचा किंवा टेम्परेचरचा लाल दिवा लागला तर जागीच इंजिन बंद.

प्रश्न : डावीकडच्या सीटपुढचा कार्पेट ओला होतो. छत गळत असेल का? (डोंबिवली)

उत्तर : बोट लावून बघा. साधं पाणी असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे, अर्ध्या तासाचं काम. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे. मग वाट बघू नका, दाखवा.

प्रश्न : सर्व्हिसिंगच्या बिलात डीकार्बनायझिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन आणि अंडरबॉडी कोटिंग धरलंय. गाडी दोन वर्षांची, पंधरा हजार किलोमीटर. हे करावंच लागतं का? (पिंपरी)

उत्तर : तुमच्या गाडीच्या मालक-पुस्तिकेत सर्व्हिसिंगचा तक्ता असतो. त्यात जे आहे ते करायचं, त्यात नाही ते का करायचं हे समोरच्याने पटवून द्यायचं. पंधरा हजारांवर डीकार्बनायझिंग लागत नाही. गाडी पिकअप देत नाही, धूर सोडते, असं काही लक्षण आहे का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर नम्रपणे नको म्हणा. काऊंटरवर बसलेल्या मुलांना अशी पॅकेजेस विकण्याची टार्गेटं असतात, आणि बायका किंवा वयस्कर माणसं गाडी घेऊन गेली की यादी लांबते, हे मी जवळून बघितलं आहे. मला याची चीड येते. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा, बदललेला जुना पार्ट परत मागा. कोकणात समुद्रकाठी गाडी राहत असेल तर गंजरोधक कोटिंगला अर्थ आहे. पिंपरीत पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला घाई नाही.

प्रश्न : काकांनी आयुष्यभर फियाट चालवली. ते सांगतात, घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, अॅव्हरेज वाढतं. मीही तसंच करतो. गेल्या रविवारी पाचगणीहून उतरल्यावर पुढच्या चाकांतून जळका वास आला. ब्रेकमध्ये काही बिघाड असेल का? (सातारा)

उत्तर : बिघाड उतरण्याच्या पद्धतीत होता. आता तो ब्रेकमध्येही शिरला असेल, म्हणून गाडी या आठवड्यातच दाखवा.

पेट्रोलचं आधी बोलू. काकांच्या काळातल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चार थेंब वाचत असतीलही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात आणि इंधन लागत नाही. न्यूट्रलला टाकलं की इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी तुम्ही जीव धोक्यात घालता ती बचत होतच नाही. आणि काही जण याच्याही पुढे जाऊन चावीच फिरवतात. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. पुण्याच्या नवले पुलाजवळ नोव्हेंबर 2022 मध्ये उतारावरून आलेल्या एका ट्रकने कित्येक गाड्या चेपल्या. उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असंच तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आलं होतं.

आता उष्णतेचं. माणसांसह बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर उंचीवरून खाली आली की तेवढी सगळी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. ती पूर्ण ब्रेकने जिरवली तर साधारण अठरा लिटर थंड पाणी उकळी फुटेपर्यंत तापवता येईल इतकी उष्णता होते, आणि तीही पुढच्या दोन डिस्कमध्येच सर्वात जास्त. तिथून ती ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट 4 दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओल धरली की हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट 3 मध्ये हे आकडे 205 आणि 140 आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय थेट फ्लोअरला टेकतो. पायाखालचं पेडल अचानक मऊ पडण्याचं कारण हे आहे.

मे महिन्यात रविवारी संध्याकाळी पाचगणीहून उतरलेल्या गाड्या माझ्या दारात उभ्या राहतात. अलॉयच्या फटींतून निळसर धूर येत असतो, डिस्कवर जांभळा पट्टा उमटलेला असतो. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं तर फिकट सोनेरी ऑइल दिसायला हवं तिथे काळपट चहासारखं काहीतरी असतं. विचारलं तर पाच-सहा वर्षांत ते बदललेलंच नसतं. मागच्या सीटवर दोन पोरं झोपलेली असतात. मला अशा वेळी बोलल्याशिवाय राहवत नाही.

जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. पसरणीत सेकंड, फार तर थर्ड. एएमटी किंवा ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड, किंवा गिअरच्या दांड्याजवळचा एल, म्हणजे लो गिअर. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, टॅकोमीटरचा काटा लाल पट्ट्यात जात नाही तोवर इंजिनाला काही होत नाही. ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, कमी झाला की सोडा. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकते किंवा तडकते. हँडब्रेकही ओढू नका. इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकापुढे दगड लावा. पेडल मऊ लागलं तर पुढे निघूच नका, टोइंग बोलवा.

घाटात जाण्यापूर्वी एक तपासणी घरी करता येते. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग दाबूनच ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याची नळी दाखवून घ्या.

प्रश्न : ब्रेक ऑइलची पातळी कमी झाली होती, दुकानातून बाटली आणून टाकलं. पॅडही व्हिडिओ बघून स्वतः बदलू का? (कोल्हापूर)

उत्तर : पातळी कमी होण्याची कारणं दोनच. पॅड झिजले, किंवा कुठेतरी गळती आहे. तुम्ही वरून ओतून दोन्ही झाकलंत. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा, दिसली तर गाडी हलवू नका. पुस्तिकेत वेगळं लिहिलेलं नसेल तर दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं. घरात उघडी पडलेली जुनी बाटली वापरायची नाही, तिने ओल आधीच धरलेली असते. पॅडचं म्हणाल तर चाकाच्या फटीतून जाडी बघायला शिका, ते उपयोगाचं आहे. बदलणं माहितगार माणसाकडून करा. आधी चार वेळा त्याच्या शेजारी उभं राहून बघा.

प्रश्न : टेम्परेचरचा काटा वर गेला की रेडिएटरमध्ये बाटलीतलं पाणी ओततो. चालेल ना? (नगर)

उत्तर : गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच चेहऱ्यावर उडतं. काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी बाजूला. काटा लाल पट्ट्यात गेलाच असेल तर इंजिनही बंद करा आणि ते पूर्ण थंड होऊ द्या, मगच रिझर्व्ह टाकीत पाणी घाला. हे फक्त गॅरेज गाठण्यापुरतं. बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात. काटा वारंवार चढतोय म्हणजे गळती, थर्मोस्टॅट, पंखा किंवा वॉटर पंप यांपैकी काहीतरी गेलंय. हेड गॅस्केट जळेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : पाण्यात गाडी बंद पडली. दोनदा सेल्फ मारला, लागली नाही. (चिपळूण)

उत्तर : तिसऱ्यांदा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची काळी वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या. पुराचं इंजिनाचं नुकसान सगळ्या पॉलिसींत धरलेलं नसतं. इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर घेतलंय का ते बघा.

प्रश्न : सीएनजीच्या गाडीत मागे वास येतो. साबणाचं पाणी लावून बघू का? (ठाणे)

उत्तर : नाही. सिलिंडरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडी ठेवा, जवळपास काडी ओढू देऊ नका आणि अधिकृत फिटिंग सेंटरला बोलवा. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाने घेतलेली मजबुतीची चाचणी) कधी झाली ते त्याच वेळी विचारा.

प्रश्न : वायपर करकर वाजतात. रॉकेल लावलं तर? (रत्नागिरी)

उत्तर : नको, रबर फुगतं. काच शाम्पूच्या पाण्याने धुवा, रबर ओल्या फडक्याने पुसा. तरी रेघा पडल्या तर ब्लेड बदला, तेही पाऊस सुरू होण्याआधी. आणि रस्त्यात वायपर बंद पडलाच तर गाडी बाजूला घेऊन थांबा. काचेवर तंबाखू चोळून पुढे जाऊ नका.