अहवालात प्रश्न लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि सोबतचा वार्षिक अहवालाचा कच्चा मसुदाही वाचून झाला. आपल्या विज्ञानसंस्थेच्या बडोदा शाखेच्या अध्यक्षपदाचे तुझे वर्ष या महिन्यात संपते आहे, मध्यवर्ती कार्यालयाच्या तक्त्यातील सगळे रकाने तू भरले आहेस, हिशेब तपासून झाले आहेत आणि तरीही हे वर्ष कसे गेले ते तुला सांगता येत नाही, असे तू लिहितेस. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमाला सभागृह भरले होते, पण त्या दिवशी नेमके काय झाले ते तुला आठवत नाही. पावसाळा सरताना आपल्या विश्वामित्री नदीच्या पाण्यावर जे व्याख्यान झाले त्याला मोजकीच माणसे आली होती; ती सभा पहारेकरी दिवे मालवायला येईपर्यंत चालली, ती तुला शब्दन् शब्द आठवते, आणि तिचा उल्लेख मात्र तू मसुद्यात दीड ओळीत उरकला आहेस. सगळ्या मसुद्यात मला हीच जागा चुकलेली दिसते.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. विज्ञानसंस्थेच्या शाखेचे वर्ष तिच्या सभांत विचारल्या गेलेल्या प्रश्नांवरून पाहावे आणि ते प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासह, अहवालात लिहावेत. व्याख्याने किती झाली, उपस्थिती किती होती, नवे सभासद किती झाले, हे आकडे खरेच दे. ते मागणाऱ्यांना ते हवे असतात. पण परिषदेच्या सवलतीसाठी वर्षभरापुरते नाव नोंदवणारा विद्यार्थी पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मध्यवर्ती कार्यालयालाही.

आजच्या काळात माहिती मिळवण्यासाठी संध्याकाळी सहा वाजता कोणी सभागृहात येण्याची गरज उरलेली नाही. शोधनिबंध फोनवर वाचता येतो, व्याख्यान घरी बसून ऐकता येते. शाखेच्या सभेखेरीज दुसरीकडे कोठेही न मिळणारी गोष्ट एकच आहे: कोयलीच्या रिफायनरीत पहिली पाळी करून आलेला माणूस, विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील मुलगी, नंदेसरीच्या एखाद्या लहान कारखान्यातील प्रयोगशाळा सांभाळणारा आणि पाहुणे व्याख्याते एका खोलीत बसतात आणि त्यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याला मध्ये थांबवून "हे तुम्ही कशावरून म्हणता?" असे विचारू शकतो. ही मुभा काढून घेतली तर शाखा ठेवण्याचे कारणच उरत नाही. दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ, दोन मान्यवरांची मनोगते आणि मग "वेळेअभावी एकच प्रश्न घेऊ" हा क्रम मी आपल्या गावात इतक्या सभांमध्ये पाहिला आहे की निमंत्रणपत्रिका हातात आली की प्रश्नोत्तरांना किती मिनिटे ठेवली आहेत तेच मी आधी पाहतो. बहुतेक वेळा ती ठेवलेलीच नसतात.

तू रसायनशास्त्राची आहेस, म्हणून एक जुनी हकिकत तुझ्यापुढे ठेवतो. १ मार्च १८६६ रोजी लंडनच्या केमिकल सोसायटीच्या सभेत जॉन न्यूलँड्स यांनी मूलद्रव्यांच्या मांडणीवर निबंध वाचला. मूलद्रव्ये अणुभारांच्या क्रमाने लावली की दर आठव्याशी गुणधर्म जुळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. जॉर्ज केरी फॉस्टर यांनी त्यांना विचारले, की मूलद्रव्ये नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिली आहेत काय? पुस्तके ही हकिकत थट्टेची म्हणून सांगतात आणि इथेच थांबतात. पण फॉस्टर यांनी पुढे असेही म्हटले होते की ज्या मांडणीत मँगेनीज आणि क्रोमियम एकमेकांपासून इतके लांब पडतात, किंवा लोखंड हे निकेल-कोबाल्टपासून तुटते, ती मान्य करता येणार नाही. त्याच सभेतील ग्लॅडस्टन यांचा आक्षेप तर त्याहून नेमका होता: या मांडणीत यापुढे एकही नवे मूलद्रव्य सापडायचे नाही असे धरून चालले आहे, आणि गेल्या काही वर्षांतच थॅलियम, इंडियम, सीझियम व रुबिडियम सापडलेली असताना आणखी एक जरी सापडले तरी सगळी रचना कोलमडेल. तीन वर्षांनी, १८६९ मध्ये, मेंडेलीव्ह यांनी आपला तक्ता मांडला आणि अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी त्यात जागा मोकळ्या सोडल्या. न्यूलँड्स यांचा निबंध सोसायटीने छापला नाही. पुढे १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक दिले. त्या संध्याकाळी कोण काय म्हणाले हे आज आपल्याला कळते, कारण 'केमिकल न्यूज' या साप्ताहिकाने सभेचा वृत्तान्त छापताना प्रश्नही छापले. टोचणारा प्रश्न आणि मर्मावर बोट ठेवणारा आक्षेप एकाच सभेत, एकामागोमाग आले. त्यातला कोणता टिकणारा आहे हे त्या वेळी तेथे बसलेल्यांना ठरवता आले नसते. म्हणून दोन्ही लिहायचे असतात.

आता त्या पावसाळी सभेविषयी. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरानंतर विश्वामित्रीविषयी बडोद्यात प्रत्येकालाच काही ना काही म्हणायचे असते, त्यामुळे व्याख्यानाचा विषय तू योग्य निवडलास. व्याख्यात्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या नमुन्यांचे सीओडीचे, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्याच्या ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागतो त्याचे, आकडे दाखवले आणि एम.एस्सी.च्या मुलाने विचारले की विश्वामित्री ज्या ढाढर नदीला मिळते तिच्या मुखाकडील नमुन्यांत क्लोराइडचा व्यत्यय कसा काढला. हा प्रश्न उद्धट होता असे तू लिहितेस. कसा काय? या चाचणीत घातलेले डायक्रोमेट सेंद्रिय द्रव्याबरोबर क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते आणि आकडा फुगतो. तसे होऊ नये म्हणून क्लोराइडला बांधून ठेवणारे मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे पाऱ्याचे संयुग, घालतात, पण क्लोराइड लिटरला सुमारे २००० मिलिग्रॅमच्या वर गेले की नेहमीच्या पद्धतीवर भिस्त ठेवता येत नाही. खाडीजवळच्या पाण्यात ते तेवढे असणे अगदी शक्य आहे. म्हणजे त्या मुलाने जे विचारले ते कोणत्याही परीक्षकाने विचारायलाच हवे होते. व्याख्याते नाराज झाले, समोरच्या रांगेतील एका ज्येष्ठ सभासदांनी विषय आवरता घेतला आणि दुसऱ्या दिवशी तू शाखेच्या वतीने व्याख्यात्यांची क्षमा मागितलीस. मुली, ही क्षमा तू कोणाच्या वतीने मागितलीस? शाखा म्हणजे तो मुलगाच आहे. पाहुण्यांचा मान राखणे मलाही कळते, पण पाहुण्यांच्या कामाकडे इतके लक्ष देऊन पाहणे यापरता विज्ञानात दुसरा मान नाही. ते पत्र मागे घे असे मी म्हणत नाही. अहवालात मात्र तो प्रश्न त्याच्या नावानिशी, जसा विचारला तसा, यायलाच हवा.

त्यानंतर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा साहाय्यकांनी जे विचारले, त्यानेच ती सभा लांबली, हेही तुझ्याच पत्रातून कळले. चाचणीनंतर उरलेले द्रव कोठे जाते, एवढेच त्यांनी विचारले. त्यात पारा असतो, उत्प्रेरक म्हणून घातलेल्या सिल्व्हर सल्फेटची चांदी असते, न वापरले गेलेले क्रोमियम असते आणि हे सारे तीव्र सल्फ्युरिक आम्लात. नदीचे प्रदूषण मोजणारी चाचणी स्वतःच मागे इतके विषारी पाणी ठेवते, ही गोष्ट बाटल्या धुणाऱ्या माणसाच्या लक्षात आली आणि ती आकडे दाखवणाऱ्याच्या बोलण्यात आली नव्हती. कारखान्यांतून आलेल्यांनी आपापल्याकडे ते वेगळे साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत विल्हेवाटीसाठी कसे देतात ते सांगितले, कोणी लहान कुप्यांच्या पद्धतीने द्रव कसे कमी उरते ते सांगितले, आणि शिक्षकांपैकी काही जण गप्प राहिले. ज्या गावाच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी स्वतंत्र वाहिनीने महीच्या खाडीपर्यंत नेले जाते, त्या गावातील रसायनतज्ज्ञांच्या शाखेने आपल्या बेसिनमधून काय वाहते हे विचारणे, याहून मोलाचे काम वर्षभरात तुझ्या हातून दुसरे काय व्हायचे होते? आणि त्याला तू मसुद्यात "चर्चा रंगली" एवढे दोन शब्द दिलेस!

"चर्चा रंगली", "प्रश्नोत्तरे झाली", "श्रोत्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला" ही वाक्ये मी आपल्या शाखेच्या जुन्या इतिवृत्तांत पानोपानी वाचली आहेत आणि प्रत्येक वेळी मला एका माणसाची आठवण होऊन तुटायला होते. आपले गाव कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेचे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी येथे रंगाईचे रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली, आणि ज्यांनी ते हातांनी शिकले त्यांच्या घराण्यातील एक वृद्ध रंगारी माझ्या काळी आमच्या एका सभेला येऊन मागच्या रांगेत बसले. व्याख्यान ॲलिझरिन या रंगद्रव्याच्या लाल रंगावर होते. त्यांनी गुजरातीतून विचारले की एकाच पुडीतला रंग एका विहिरीच्या पाण्यात खुलतो आणि दुसऱ्या विहिरीच्या पाण्यात मळकट उतरतो, हे काय आहे. व्याख्यात्यांनी कॅल्शियमचे काम समजावून सांगितले: तुरटीतल्या ॲल्युमिनियमबरोबर पाण्यातील कॅल्शियमही त्या लाल संयुगात बांधले जाते, म्हणून पाण्याच्या कठीणपणावर छटा अवलंबून राहते. उत्तर बरोबरच होते. मग ते गृहस्थ उभे राहून कोणत्या पेठेतील कोणती विहीर, कोणत्या ऋतूत, कोणत्या छटेला चालते हे बराच वेळ सांगत राहिले. इतिवृत्तात त्यातले अक्षरही नाही. ते गृहस्थ गेले, त्या विहिरींपैकी बऱ्याच बुजल्या, आणि व्याख्यानाचे टंकलिखित मात्र फाइलीत व्यवस्थित आहे. त्यातले सगळे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. या गोष्टीची खंत मला आजही झोपू देत नाही, आणि मी तुझ्यावर जो आग्रह धरतो आहे तो तेथूनच आला आहे.

माझ्या हट्टाविषयी तू इतरांकडून ऐकलेच असशील, म्हणून माझी बाजूही ऐक. मी शाखेचे काम पाहत असताना एका कंपनीने वर्षभराच्या सभांचा सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली; अट एवढीच होती की प्रत्येक सभेत व्याख्यानानंतरचा अर्धा तास त्यांच्या उपकरणांच्या सादरीकरणाला द्यायचा. व्याख्यानानंतरचा अर्धा तास म्हणजे प्रश्नांचा अर्धा तास. मी नाही म्हटले. सभागृहाचे भाडे परवडेना, कार्यक्रम कमी झाले, चहाबरोबरची बिस्किटे बंद झाली, दोन-तीन ज्येष्ठ मंडळी येईनाशी झाली आणि त्यांपैकी एकाशी माझा जुना स्नेह होता तो परत कधी जुळला नाही. मला त्याचे वाईट वाटते. पण तीच अट आज माझ्यापुढे आली तर मी आजही नाहीच म्हणेन. त्या वर्षी कार्यक्रमांचा आकडा घसरला म्हणून मध्यवर्ती कार्यालयाने विचारणा केली होती. मी उत्तरादाखल सभांत आलेल्या प्रश्नांची यादी पाठवली. तिची पोच आली नाही. यादी पाठवणे बरोबर होते हे माझे मत त्यामुळे बदललेले नाही.

तुझ्यानंतर येणाऱ्यासाठी काही व्यवस्था लावून जा. समोरच्या रांगेत वरिष्ठ बसले की मागे बसलेला त्यांच्याच खात्यातील तरुण तोंड उघडत नाही. तेव्हा चहाच्या वेळीच कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा किंवा साहाय्यकाचा घ्यावा. प्रश्न मराठी, गुजराती, हिंदी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत विचारण्याची मोकळीक अध्यक्षाने सभेच्या सुरुवातीलाच जाहीर करावी, कारण गुजराती माध्यमातून आलेली मुले इंग्रजी वाक्य मनात जुळवता जुळवता वेळ संपते. कार्यवाहाने फक्त प्रश्न टिपायला एक माणूस नेमावा, त्याच्याकडे त्या दिवशी दुसरे काम नसावे. सत्कार करायचेच असतील तर वार्षिक सभेत एकदाच करावेत.

मसुदा पुन्हा लिहायला तुला दोन संध्याकाळी पुरतील. विज्ञान दिनाचा मजकूर एका परिच्छेदावर आण. विश्वामित्रीच्या सभेला पूर्ण पान दे. त्या विद्यार्थ्याला आणि त्या प्रयोगशाळा साहाय्यकांना त्यांचे प्रश्न लिहून दाखव आणि शब्द त्यांचेच आहेत ना याची खातरजमा करून घे. ज्येष्ठ सभासद हरकत घेतील. घेऊ देत, हरकतही इतिवृत्तात नोंदव. क्लोराइडविषयीचा प्रश्न व्याख्यात्यांना आदरपूर्वक लेखी कळव, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत दे आणि अहवालात त्या प्रश्नाखाली जागा सोड. उत्तर आले तर ते पूर्ण छाप. न आले तर अहवाल छापायला जाईपर्यंत उत्तर आले नव्हते, असे त्या जागी तारखेसह लिही.

कळावे,
तुझा काका