पिस्तुलावरचे ओरखडे काढताना नंबर जपा

तुमच्या परवान्याच्या पिस्तुलावर होल्स्टर घासून ओरखडे पडले आहेत आणि त्यातला एक थेट नंबराच्या शेवटच्या आकड्यावरून गेला आहे. मेव्हणे म्हणतात, ओळखीच्या वर्कशॉपमधून बफिंग करून (म्हणजे घासून, चमकवून) निकेल चढवून आणतो. नूतनीकरण तोंडावर आहे, तर देऊ का, असा तुमचा प्रश्न आहे.

कृपा करून देऊ नका. ओरखडा दिसायला वाईट, पण त्यात गुन्हा नाही. गुन्हा नंबर पुसण्यात आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 नुसार शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण खोडणं, काढणं, बदलणं किंवा बनावट करणं मना आहे. बफिंगमध्ये धातू झिजतो, ठशाची खोली कमी होते आणि वर निकेलचा थर बसला की आकडा आणखी बुजतो. अशा पुसट नंबराचं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला, असं हेच कलम गृहीत धरतं. तसं नाही हे मग तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. आकडा स्वतः कोरून ठळक करण्याचा विचारही मनात आणू नका.

वर्कशॉपचा प्रश्न वेगळाच. शस्त्रदुरुस्तीला कलम 5 खाली परवाना लागतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्या कलमाच्या भंगाला किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप आहे. पॉलिश म्हणजे दुरुस्ती नव्हे, असा युक्तिवाद मी करू शकेन. पण मुळात विनापरवाना माणसाच्या ताब्यात पिस्तूल गेलं, याचं काय उत्तर देणार?

तेव्हा आजच नंबराचे जवळून, स्पष्ट फोटो काढा. परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा: ओरखडा कसा पडला, आकडा अजून वाचता येतो, परवान्यावरच्या नंबराशी जुळतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासलं जाईल तेव्हा हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

त्यानंतर दुरुस्तीचा परवाना असलेल्या आर्मररकडे जा. त्याचा परवाना डोळ्यांनी पाहा, पावतीवर पिस्तुलाचा नंबर लिहून घ्या, आणि नंबराचा भाग सोडून बाकीच्या ओरखड्यांवर ब्लूइंग, म्हणजे पोलादाला गंजापासून जपणारा निळसर-काळा थर, करायला सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मेव्हणे नेऊ शकतात. दुरुस्तीसाठी नेताना कलम 3 तशी सवलत देतं, मात्र तुमचं सहीचं अधिकारपत्र त्यांच्या हातात हवं.

आणि पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, गंज नेमका ओरखड्यातून सुरू होतो.